हल्ल्याआधीची घटका

मराठी वाचकाला लढाया आवडतात, हे सांगण्यासाठी टीकाकाराची गरज नाही. कोणत्याही वाचनालयात जा. ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या कपाटातली पुस्तके हाताळून हाताळून मऊ झालेली दिसतील आणि शेजारच्या कपाटातली कवितेची पुस्तके कोरी करकरीत. दिवाळीत अंगणात जे मातीचे किल्ले उभे राहतात त्यांवर मावळे पाच-पंचवीस असतात. शेतकरी नि गवळण एखाददुसरी. या आवडीला नाक मुरडणाऱ्यांतला मी नव्हे. मीही त्याच कपाटापुढे वाढलो. म्हणूनच या वाङ्मयाविषयीची एक तक्रार मी घरच्या माणसाच्या हक्काने मांडणार आहे.

तक्रार अशी की, आपल्या युद्धकथांत हल्ला असतो, हल्ल्याआधीची घटका नसते. घोडे उधळतात, तलवारी लखलखतात, रक्ताचे पाट वाहतात. पण हुकूम सुटण्यापूर्वी जी माणसे रांगेत उभी होती, समोरच्या तोफांकडे पाहत होती, ती त्या वेळी काय करत होती, कोणाचा विचार करत होती, हे आमचे लेखक सांगत नाहीत. सांगितलेच तर ते एका माणसाबद्दल, आणि तो माणूस नेहमी हत्तीवर किंवा पांढऱ्या घोड्यावर असतो.

हा विचार माझ्या डोक्यात एकट्याने आला, असा माझा दावा नाही. आम्ही वारज्यातले दहा-बारा लोक महिन्यातून दोनदा एकत्र बसून पुस्तके वाचतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा रस्ता आमच्या गावातून जातो, त्यामुळे लष्करात नोकरी केलेली माणसे आमच्याकडे मुबलक. एका बैठकीत कादंबरीतले एक रणकंदन मोठ्याने वाचून झाले. सगळे खूष होते. एक निवृत्त सुभेदार तेवढे गप्प होते. मी विचारले, ''काय सुभेदारसाहेब, पसंत पडलं नाही वाटतं?'' ते म्हणाले, ''पडलं की, सर. पण ही माणसं सुटायच्या आधी काय करत होती? तो वेळ फार लांब असतो.'' एवढेच बोलले. त्या एका वाक्याने आमची पुढची चार-पाच वाचने बदलली.

त्यांचे म्हणणे हिशेबानेही खरे आहे. तोफांच्या रांगेवर घोडदळ तुटून पडते तेव्हा शेवटचे चारशे यार्ड घोडा अर्ध्या-पाऊण मिनिटात तोडतो. त्या काळचा कसलेला गोलंदाज मिनिटाला दोन बार काढी. म्हणजे घोडा अंगावर येईपर्यंत त्याच्या हाती एक बार, फार तर दोन. जे काय व्हायचे ते मिनिटाभरात होते. उभे राहणे मात्र पहाटेपासूनचे. आमच्या कादंबऱ्यांत त्या मिनिटाला दहा पाने मिळतात आणि त्या तासांना एक ओळ, तीही बहुधा सूर्योदयाच्या वर्णनाची. लेखकाने काळ हवा तसा ताणावा नि आवळावा, तो त्याचा अधिकारच आहे. पण प्रत्येक लेखक एकाच ठिकाणी ताणू लागला आणि एकाच ठिकाणी आवळू लागला, तर तो अधिकार राहत नाही, ती खोड होते.

गंमत अशी की, हल्ल्याआधीची घटका आपल्या परंपरेला अपरिचित आहे असे मुळीच नाही. उलट आपल्या सगळ्यांत थोर ग्रंथाचा जन्मच त्या घटकेत झाला. दोन्ही सैन्ये उभी आहेत, शंख वाजले आहेत, शस्त्रे सुटण्याच्या बेतात आहेत, आणि एक धनुर्धर सारथ्याला सांगतो की रथ मधोमध ने, मला पाहू दे कोणाशी लढायचे आहे. तो पाहतो आणि हातातले धनुष्य गळते. ज्ञानेश्वरांनी १२९० साली हा प्रसंग मराठीत आणला तेव्हा त्या घटकेची घाई त्यांनी केली नाही; तिच्यात ते थांबले, आणि त्यांच्याबरोबर मराठी भाषा थांबली. ते युद्ध कोणत्या जातीचे होते तेही आठवावे. ते परचक्र नव्हते. ते भाऊबंदांचे युद्ध होते. परक्याशी लढताना समोर कोण आहे हे पाहावे लागत नाही. भावाशी लढताना पाहावे लागते, आणि पाहिले की हात थरथरतो. अशा युद्धाला आपण शब्दही पुराणातला वापरतो, 'यादवी'. प्रभासक्षेत्री मद्याच्या धुंदीत यादव एकमेकांवर तुटून पडले आणि कुळ संपले, त्याची खूण त्या शब्दात शिल्लक आहे.

अर्थात गीतेतही ती घटका एकट्या अर्जुनाची आहे. दोन्ही बाजूंना मिळून अठरा अक्षौहिणी सैन्य उभे होते. त्यांतल्या बाकीच्यांना कोणी विचारले नाही. महाकाव्याकडून ती अपेक्षा करणेही योग्य नव्हे. पण त्यानंतर जो गद्याचा काळ आला, बखरी आल्या, पत्रे आली, इतिहास आला, कादंबरी आली, त्या काळाने ते विचारायला हवे होते.

एकदा ते विचारले गेले, आणि ते कोठे, हे पाहण्यासारखे आहे. १४ जानेवारी १७६१. पानिपतच्या छावणीतले धान्य संपले आहे. शिपाई आणि सरदार भाऊसाहेबांना सांगतात की उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. विडे वाटले जातात. पहाटे सैन्य बाहेर पडते तेव्हा पागोट्यांचे शेव सोडलेले आहेत आणि हातातोंडाला हळद फासलेली आहे. ही हळद एकदा वाचली की विसरता येत नाही. लग्नाला लावायची ती हळद, मरणाला लावलेली. हे कोणी लिहिले? काशीराज शिवदेव याने. हा दक्षिणी ब्राह्मण; पण तो होता शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे समोरच्या छावणीत, आणि लिहिले ते फारसीत, १७८० साली. मराठी सैन्याच्या शेवटच्या पहाटेचे सर्वांत हृदयस्पर्शी चित्र एका दक्षिणी माणसाने शत्रूच्या गोटात बसून परभाषेत काढावे, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. तो दोन्हीकडचा होता. त्याला पलीकडच्या माणसांची भाषा कळत होती, आणि त्यांच्या जयजयकाराची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. ही घटका दिसायला अशी दोन्हीकडची नजर लागते.

इकडच्या नजरेचा उत्तम नमुना म्हणजे तानाजीचा पोवाडा. आमच्या गच्चीवरून सिंहगड दिसतो, त्यामुळे तो आम्हाला काहीसा घरगुती. शाहीर तुळशीदासाचा हा पोवाडा तयारीला काही कमी वेळ देत नाही. जिजाबाईंचा सोंगट्यांचा डाव आहे, उमरठ्याचे रायबाचे लग्न आहे, अक्षता बाजूला ठेवून निघालेला बाप आहे. लग्नघर आणि गड यांच्यामधला तो प्रवास शाहिराने फार बहारीचा केला आहे. हरिभाऊ आपट्यांनी 'गड आला पण सिंह गेला' लिहिली तेव्हाही या पूर्वतयारीचे मोल त्यांनी ओळखले. पण या सगळ्या तयारीत घर आहे ते एकट्या तानाजीचे. दोराला धरून कडा चढणाऱ्या बाकीच्या मावळ्यांना लग्ने नाहीत, रायबा नाहीत. आणि समोर उदयभान राठोड, म्हणजे परका. त्यामुळे हात थरथरण्याचा प्रश्नच नाही. वीरकथेला हे शोभते. तिच्याकडे दुसरे काही मागणे अन्याय होईल.

पण समोर परका नसेल तर? तिथे आपल्या वाङ्मयाची खरी परीक्षा आहे. आणि त्या परीक्षेचा प्रश्न आपल्याला दिवाळीच्याच दिवशी घातला गेला होता.

२५ ऑक्टोबर १८०२, सोमवार, आश्विन वद्य चतुर्दशी. नरकचतुर्दशीची सकाळ. पुण्याच्या पूर्वेला वानवडी आणि हडपसर यांच्या दरम्यान मराठ्यांच्या दोन फौजा समोरासमोर उभ्या होत्या. एकीकडे यशवंतराव होळकर; दुसरीकडे पेशव्यांचे घोडदळ आणि सदाशिवराव भास्कराच्या हाताखाली दौलतराव शिंद्यांची फौज. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये यशवंतरावाचा भाऊ विठोजी याला दुसऱ्या बाजीरावाने शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी दिले होते. त्याच वर्षी जुलैत उज्जैनला होळकराने शिंद्यांच्या पलटणी कापल्या, ऑक्टोबरात इंदूरला शिंद्यांनी होळकराचा मोड केला आणि त्याचे शहर लुटले. म्हणजे समोरासमोर उभे राहिलेल्या या पलटणींना एकमेकींची ओळख होती. किंबहुना त्या एकाच साच्यातून निघालेल्या होत्या. शिंद्यांकडे महादजींच्या काळी डी बॉयनने उभारलेल्या जुन्या पलटणींपैकी चार, कॅप्टन डॉज याच्या हाताखाली. होळकराकडे चौदा कवायती पलटणी, त्यांवर व्हिकर्स, हार्डिंग आणि आर्मस्ट्राँग. कवायत तीच, अधिकारीही एकाच जातीचे.

साडेनऊच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. होळकराचे घोडदळ पहिल्याने मागे रेटले गेले. तेव्हा यशवंतरावाने पळणाऱ्यांना गोळा केले, स्वतः पुढे झाला आणि डॉजच्या पलटणींच्या तोफांवर चालून गेला. त्या मैदानावर तट नव्हता, बुरूज नव्हता. तोफांची रांग हाच तट. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, जागच्या जागी कापले गेले. डॉज पडला, होळकराकडचा हार्डिंगही पडला. बाजीराव लढाई पाहायला निघाला होता. तोफांचा आवाज ऐकून त्याने तोंड फिरवले आणि निकाल कळताच सिंहगड गाठला. आमच्या वारज्याच्या समोरून, मुठेच्या पलीकडच्या अंगाने तो गेला असणार. तिथून तो कोकणात उतरला आणि वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. नरकचतुर्दशीपासून बरोबर सदुसष्ट दिवसांनी मराठी राज्याने आपले स्वातंत्र्य लिहून दिले. १८१८ हे साल शाळेत पाठ करून घेतात. पण त्या सालाचा पाया त्या दिवाळीत भरला गेला.

आता हा प्रसंग आपल्याला कोणी कसा सांगितला ते पाहू. ग्रँट डफने १८२६ साली आपला इतिहास प्रसिद्ध केला. त्याचे वर्णन आटोपशीर आहे; पलटणींची मोजदाद, घोडदळाची माघार, यशवंतरावाची चढाई आणि त्याच्या तोंडची एक आरोळी. एक गोष्ट त्याच्या बाजूने नमूद केली पाहिजे. शिंद्यांच्या गोलंदाजांचे शौर्य त्याने झाकले नाही. पण त्याला घाई आहे. त्याला वसईकडे जायचे आहे, कारण त्याच्या दृष्टीने खरी गोष्ट तिथे सुरू होते.

रियासतकार सरदेसाई यांचा जीव राजकारणात. कोणाचे कोणाला पत्र गेले, कोणाचा कोणावर विश्वास उरला नव्हता, तडजोड कोठे मोडली, हे त्यांनी इतक्या चिकाटीने उलगडले आहे की वाचणाऱ्याला भाऊबंदकीचा एकेक टाका दिसावा. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला नसता, तर पुढच्यांना हे शिवणकाम अवघड गेले असते. या मंडळींचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या ग्रंथांतून सैन्य म्हणजे एक आकडा. तो वाढतो, घटतो, थकलेल्या तलबेसाठी धरणे धरतो. उभा राहून वाट पाहत नाही.

मग आले नागनाथ इनामदार. 'झेप' १९६३ साली, 'झुंज' १९६६ साली, 'मंत्रावेगळा' १९६९ साली. त्रिंबकजी डेंगळे, यशवंतराव होळकर, दुसरा बाजीराव. इतिहासाने ज्यांच्या तोंडाला काळे फासले होते त्यांना इनामदारांनी माणसात आणले. हे काम लहान नव्हते. 'झुंज' येण्यापूर्वी सामान्य मराठी वाचकाच्या मनात यशवंतराव म्हणजे पुणे लुटणारा पुंड एवढेच होते. 'झुंज'नंतर तो इंग्रजांना शेवटपर्यंत न नमलेला माणूस झाला. एका कादंबरीने एखाद्याचा निकाल फिरवावा याहून मोठे यश कोणते? पण हे यश मिळाले ते एकाच रीतीने, वाचकाला नायकाच्या खोगिरावर बसवून. खोगिरावरून दूरचे दिसते, जवळचे दिसत नाही. वाचक यशवंतरावाबरोबर तोफांवर जातो. त्याच्या मागून जे दौडत आले ते त्याच्या पाठीमागे राहतात आणि जे तोफांशी उभे राहिले ते धुरात. इनामदारांच्या मागून आलेल्यांनी त्यांची संशोधनाची चिकाटी फारशी घेतली नाही. खोगीर मात्र सगळ्यांनी उचलले. कपाटातल्या नव्या कादंबऱ्या चाळा. नायक बदलतो, घोडा तोच.

असे का व्हावे? तीन कारणे सांगितली जातात, आणि तिसरे सांगितले जात नाही असे म्हटले तरी चालेल.

पहिले कारण साधनांचे. शिपाई निरक्षर, त्याने रोजनिशी ठेवली नाही, घरी पत्र धाडले नाही, मग लेखकाने लिहावे कशावरून? हे अर्धे खरे आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात शिपाई लिहिते-वाचते होते. व्हर्जिनियात कोल्ड हार्बर येथे ३ जून १८६४ च्या पहाटे जनरल ग्रँटच्या सैन्याला खंदक आणि मातीच्या तटबंदीत बसलेल्या शत्रूवर हल्ला करायचा होता. आदल्या संध्याकाळी ग्रँटचा सहायक होरेस पोर्टर छावणीतून जात असता त्याला दिसले की शिपाई अंगातले कोट काढून काही शिवीत बसले आहेत. जवळ जाऊन पाहतो तो ते आपले नाव नि घरचा पत्ता कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कोटाच्या पाठीला टाचत होते, प्रेत ओळखू यावे म्हणून. सकाळी थोड्या वेळात ग्रँटची काही हजार माणसे कामास आली, आणि तो हल्ला केल्याचा पश्चात्ताप ग्रँटने पुढे आत्मचरित्रात नोंदला. पोर्टरने ही हकिगत १८९७ साली छापली. तिच्यावर काही इतिहासकारांनी नंतर शंकाही घेतली. पण मला तिच्यात दिसते ते हे की, एका अधिकाऱ्याला तेहतीस वर्षांनी त्या लढाईचा हल्ला नव्हे, ती संध्याकाळ सांगावीशी वाटली.

आणि साधनांचे कारण कादंबरीकाराला तर मुळीच सांगता येणार नाही. त्याच युद्धावर 'द रेड बॅज ऑफ करेज' ही कादंबरी स्टीफन क्रेनने १८९५ साली छापली. क्रेनचा जन्म १८७१ चा. युद्ध संपले १८६५ ला. लिहिताना त्याने लढाई डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. तरी एका कोवळ्या शिपायाच्या मनातला प्रश्न, आपण उभे राहू की पळू, हा त्याने असा धरला की लढून आलेल्यांनी मान डोलावली. लेखकाला दप्तर लागते हे खरे. पण दप्तर संपले म्हणून माणूस संपत नाही.

दुसरे कारण भाषेचे, आणि ते अधिक नाजूक आहे. हडपसरच्या मैदानावर उभे असलेले बरेच शिपाई मराठी बोलतच नव्हते. कवायती पलटणींत भरणा अवधचा नि अंतर्वेदीचा, पुरभय्ये. शिवाय नजीब, रोहिले. होळकराच्या बाजूला मीरखानाचे पठाण. 'मराठ्यांची यादवी' असे आपण म्हणतो, पण तिच्यात तोफेच्या तोंडी गेलेल्यांपैकी कित्येकांना होळकर-शिंद्यांच्या वैराशी देणेघेणे नव्हते. त्यांचे देणेघेणे थकलेल्या तलबेशी होते. मराठी साहित्याने त्यांना आपले का मानावे? माझे उत्तर असे की, आपल्या भांडणासाठी जो मेला तो आपला, मग तो कोणत्याही बोलीत कण्हला असो. तेवढेही आपण मानणार नसू तर आपल्या वीररसाला भाडोत्री म्हणावे लागेल.

तिसरे कारण न बोलले जाणारे. हल्ल्याआधीच्या घटकेत लेखक थांबला, तर त्याच्या पात्राला अर्जुनासारखे समोर पाहावे लागेल. समोर कोण? कालपरवापर्यंत एकाच जरीपटक्याखाली खर्ड्याला निजामावर चालून गेलेली माणसे. १७९५ ची ती लढाई. होळकर, शिंदे, पेशवे, भोसले सगळे एकत्र, आणि नंतर आठ वर्षांच्या आत हे. त्या घटकेत थांबले की विचारावे लागते, कशासाठी? आणि या प्रश्नाला त्या मैदानावर उत्तर नव्हते. घोडा उधळला की प्रश्न धुळीत जातो. म्हणून आपण घोडा लवकर उधळतो. आपल्या युद्धवर्णनातली घाई ही मला कलेतली उणीव वाटत नाही, ती लाज वाटते. आणि लाज ओळखणे हे टीकेचे कामच आहे.

मग ते न लिहिलेले पान कसे असावे? कादंबरी लिहिणे माझे काम नव्हे. पण काय काय हाताशी आहे तेवढे सांगू शकतो. सिलेदार घ्या. त्याचा घोडा सरकारी नसे, स्वतःचा असे. तो घोडा म्हणजे त्याचे शेत, त्याची पेढी. तोफेवर घोडा घालायचा म्हणजे जीव तर जाईलच, पण जीव वाचून घोडा गेला तर घरी काय तोंड दाखवायचे? बारगिराला ही चिंता नाही, तो सरकारी घोड्यावर. त्याची चिंता निराळी. एकाच रांगेत, एकाच हुकुमाची वाट पाहत, शेजारी शेजारी तंग आवळणारी ही दोन माणसे. एवढ्यावर एक प्रकरण उभे राहील. पलीकडे गोलंदाज. त्याला ठाऊक आहे की लांबवर गोळा घालायचा आणि घोडे टप्प्यात आले की छर्रे. छर्ऱ्यांचा बार काढला की दुसरा भरायला वेळ मिळेलच असे नाही. हातात जळती जामगी, आणि ती लवकर लावली तरी मरण, उशिरा लावली तरी मरण. त्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत हे इतिहास सांगतो. का सोडल्या नाहीत हे कादंबरीने सांगावे. पेशव्यांच्या घोडदळात काहींची घरे दोन-तीन कोसांवर पुण्यात असणारच. त्या पहाटे तिथे दिवे लागले होते, अभ्यंगस्नाने व्हायची होती, आणि साडेनऊला शहराने तोफा ऐकल्या. फटाक्यांच्या दिवशी आलेला तो आवाज कशाचा, हे घरातल्या बाईने कोणत्या क्षणी ओळखले असेल? एवढे सगळे साहित्य समोर पडले असताना आपला लेखक सूर्योदयाचे वर्णन करीत बसतो.

यावर एक आक्षेप येईल, आमच्या बैठकीत तो आलाही. एका तरुण सभासदाने विचारले, ''सर, शिपायाची भीती दाखवली तर शौर्य कमी नाही का होत?'' मी काही म्हणण्यापूर्वी सुभेदारसाहेबच म्हणाले, ''भीती वाटली नाही, तर शौर्य कशाला लागतं?'' याहून चांगले उत्तर मला देता आले नसते. हडपसरचे गोलंदाज आपल्याला पुतळ्यांसारखे दिसतात, म्हणून त्यांचे मरण आपल्याला लागत नाही. त्यांची जामगी धरलेली बोटे एकदा थरथरताना दिसली की ते न हलता उभे राहिले याचा अर्थ कळेल. यशवंतरावही त्यामुळे लहान होत नाही. भ्यालेल्या, मागे रेटलेल्या, घोड्याच्या किमतीचा हिशेब करणाऱ्या माणसांना त्याने पुन्हा त्या रांगेवर नेले, हे कळले म्हणजे त्याचे मोठेपण खरे होते. न भिणाऱ्यांच्या पुढे दौडायला यशवंतराव कशाला हवा?

सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. त्याचे कारण माझ्या गावातच आहे. वारजे १९९७ साली पुणे महापालिकेत आले. बाहेरून महामार्ग गेला, शेतांचे प्लॉट झाले, एकराचा भाव गुंठ्याला आला. जमिनीला भाव आला की भावाभावांत वाटणीचे दावे लागतात. हे एकट्या वारज्यात झाले असे नव्हे, शहर जिथे जिथे शेतात शिरले तिथे तिथे झाले. या दाव्यांत एक वेळ अशी असते की दोन्हीकडचे कागद तयार असतात, वकील ठरलेले असतात, पण दावा दाखल झालेला नसतो. त्या वेळी कोणी समोर नीट पाहिले तर पुढचे कदाचित टळते. दावा लागला की मग तो आपल्या गतीने जातो आणि दोघांनाही बरोबर नेतो. वसईला नेऊन सोडतो. साहित्य वाचून भाऊबंदकी थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. गीता घरोघर असून थांबलेली नाही. पण ज्या वाङ्मयाने आपल्याला नेहमी घोडा उधळल्यापासूनचीच गोष्ट सांगितली, त्याने त्या आधीच्या घटकेची ओळखही आपल्याला होऊ दिली नाही, एवढा आरोप मी करतो.

हडपसरच्या त्या चौदा पलटणींवरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे इतिहासात नीट लिहिलेली आहेत. हार्डिंग तिथेच पडला हे ठाऊक आहे; व्हिकर्सने पुढे इंग्रजांशी लढायचे नाकारले म्हणून १८०४ मध्ये होळकरानेच त्याला ठार केले, हेही ठाऊक आहे. तोफांशी कापल्या गेलेल्या गोलंदाजांपैकी एकाचे नाव मला कोणी सांगावे. कोल्ड हार्बरच्या शिपायांनी आपली नावे आपणच पाठीला टाचली. आमच्या शिपायांना लिहिता येत नव्हते. ते काम कोणा लिहित्या माणसाने करायचे राहिले आहे.

तेव्हा वाचकांना एवढेच सांगायचे की, या सुट्टीत एखादी ऐतिहासिक कादंबरी हाती घ्याल तेव्हा लढाईच्या प्रकरणापाशी क्षणभर थांबा आणि मागचे पान उलटून पाहा. तिथे कोणी उभे आहे का ते बघा. नसेल, तर पुस्तक मिटू नका. पुढे लढाई असेल तर ती चांगलीच असेल. पण लेखकाला एक पत्र टाका आणि सुभेदारसाहेबांचा प्रश्न विचारा. लेखक माणसे वाचकांच्या पत्रांना भितात, असा माझा अनुभव आहे.